नव्वद नंबरचं तेल

सुवर्णा हेमराज बोरसे हिला कशाची किळस येत नाही हे सांगणं सोपं, कारण यादी लहान आहे. ताजं दळलेलं पीठ, उन्हात कडक वाळलेली चादर आणि आपल्या हातानं घासलेलं भांडं. उरलेल्या जगाविषयी तिचं मत फारसं बरं नाही.

शिंदखेड्याजवळच्या गावात, ती आठ वर्षांची असताना, लग्नाच्या पंगतीत शेजारच्या म्हातारीच्या बोटांवरून वरणाचा एक ओघळ तिच्या पत्रावळीवर ठिबकला. ती तशीच उठली, घरी गेली आणि मीठ-भाकरी खाऊन झोपली. गाव तिला ‘राणीसाहेब’ म्हणू लागलं. या राणीसाहेबांचं एकोणिसाव्या वर्षी सुरतेत लूमवर काम करणाऱ्या मुलाशी लग्न झालं आणि त्या डिंडोलीतल्या एका चाळीत येऊन दाखल झाल्या. अकरा खोल्यांना दोन संडास. मागे खाडी. खाडीचं पाणी कधी गुलाबी, कधी मोरपंखी. त्या आठवड्यात बाजारात कोणत्या रंगाची चलती आहे ते खिडकीतून कळायचं. पहिला आठवडा ती नाकाला पदर लावून वावरली. दुसऱ्या आठवड्यात पदर खाली आला. मत तेवढं तसंच राहिलं.

तिच्या किळसेची एक गंमत होती, ती कामाच्या आड येत नसे. सासूबाई शेवटची दोन वर्षं अंथरुणाला खिळल्या, तेव्हा त्यांचं सगळं सुवर्णानं केलं. सगळं म्हणजे सगळं. करताना तोंड इतकं वाकडं व्हायचं की शेजारणी म्हणत, “अगं, म्हातारीला काय वाटत असेल?” म्हातारीला काय वाटतं ते म्हातारीनंच एकदा सांगून टाकलं. “करू दे वाकडं. हात सरळ शेत तिना.”

आता घर स्वतःचं होतं. सोसायटीच्या तळमजल्यावर दीड खोली, संडास आतला, फरशी पांढरी. ती फरशी दिवसातून दोनदा पुसली जायची. बाहेरच्या खोलीत सुवर्णा साड्यांना टिकल्या चिकटवायची. रंभाबाई नावाची एक जाडजूड बाई दर दोन दिवसांनी साड्यांचा गठ्ठा टाकून जायची आणि झालेला गठ्ठा घेऊन जायची. रंभाबाईचा नियम एकच होता. डाग दिसला की साडी परत, दुसऱ्यांदा डाग दिसला की काम बंद. सोसायटीतल्या चौघी बायकांचं काम असंच बंद झालं होतं. कोणाच्या साडीवर हळद, कोणाच्या साडीवर लेकरू. सुवर्णाच्या साडीवर सहा वर्षांत टिकलीशिवाय काही चिकटलं नव्हतं.

अशा घरात मार्च महिन्यात एक मोटरसायकल राहायला आली.

हेमराज खात्यात जॉबर होता. सुरतेत लूमच्या कारखान्याला खातं म्हणतात, आणि लूम बिघडला की ज्याच्या नावानं हाक मारतात तो जॉबर. अठ्ठेचाळीस लूम एका छपराखाली धडधडत असताना तो दारात उभा राहून सांगायचा, “तेवीस नंबर खोकतोय.” जाऊन बघावं तर तेवीस नंबरचा खिळा खरंच ढिला असायचा. नाकही तसंच. पट्टा जळायच्या आधी त्याला वास यायचा, तेलात भेसळ असली तर बूच उघडताच कळायचं. घरात त्याला जेवणात मीठ कमी आहे की जास्त हे कळत नसे, पण तो वेगळा विभाग.

शेठचा पुतण्या धवल हा ‘सूर्यपुत्री रायडर्स’ नावाच्या क्लबाचा मंत्री, म्हणजे सेक्रेटरी. त्यानं खात्यात येऊन सांगितलं की डिसेंबरात चोवीस तासांत सोळाशे किलोमीटर मोटरसायकल चालवायची स्पर्धा आहे, आणि यंदा सामान्य माणसासाठी शंभर सीसीचा वेगळा गट ठेवलाय. सामान्य माणसांनी ऐकून घेतलं आणि लूम चालू केले. हेमराजनं मात्र ते घरी आणलं.

“बारा तास उभा राहतो मी,” जेवताना तो म्हणाला. “इथे चोवीस तास नुसतं बसायचंय. त्यात काय?”

सुवर्णाला वाटलं, थट्टा आहे. पुढच्या रविवारी दिवाण त्याच्या धाकट्या भावाच्या, भटूच्या घरी गेला आणि दिवाणाच्या जागी, टीव्ही आणि कपाटाच्या मधोमध, अकरा वर्षांची शंभर सीसी उभी राहिली. बाहेर ठेवली तर पोरं गिअर पाडतात, सीटवर मांजरं झोपतात, असं कारण होतं. उंबरठ्यावर फळी टाकून रोज संध्याकाळी ती आत यायची, सकाळी बाहेर जायची, आणि फरशीवर चाकांच्या दोन मळक्या रेघा काढून जायची.

“साक्षीना पप्पा,” सुवर्णा म्हणाली, “हाई घर शे का पार्किंग?”

“डिसेंबरपर्यंत.”

“आणि डिसेंबरनंतर?”

“डिसेंबरनंतर बघू.”

तयारीचा पहिला भाग बसण्याचा. रविवारी जेवण झालं की हेमराज घरातच, डबल स्टँडवर लावलेल्या गाडीवर बसायचा. हेल्मेट घालून. सहा तास. मांडी हलवायची नाही, पाय टेकायचा नाही. टीव्हीवर बायकांच्या मालिका चालू असायच्या आणि समोर हा शिपायासारखा ताठ. घाम हेल्मेटच्या आत मुरायचा. ते हेल्मेट मग बाथरूमच्या नळाला टांगलं जायचं आणि त्याला जो वास यायचा त्याला सुवर्णानं नाव द्यायचा प्रयत्न केला, पण मेलेल्या वस्तूंपैकी नेमकी कोणती हे ठरेना.

भटू दिवाणाचे आभार मानायला वरचेवर यायचा. “वहिनी, दादा अंडासवर बठेल शे का काय?”

“विचार त्यालाच. पिल्लू निघालं तर तुझ्याकडेच पाठवते.”

हेल्मेटच्या आतून आवाज यायचा, “सव्वाचार तास झाले.”

साक्षी, त्यांची मुलगी, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. तिचं बोलणं घराच्या उंबरठ्यावर भाषा बदलायचं. तिनं पप्पांसाठी मोबाइलवर घड्याळ लावलं आणि इंटरनेटवरून मोठ्या रायडरांचा आहार शोधून काढला. तिखट बंद, तेलकट बंद, शेवभाजी बंद. उकडलेलं रताळं आणि केळं एकत्र कुस्करून दुधाच्या पिशवीत भरायचं, कोपरा कापायचा आणि गाडी चालवता चालवता चोखायचं. खानदेशातला माणूस, ठेच्याशिवाय ज्याला भाकरी दिसत नाही, तो सुवर्णाच्या समोर पिशवी चोखत बसला, आणि ती पिशवी शेवटी पोटात हवा गेल्यासारखा जो आवाज करायची तो ऐकून तिनं आपलं ताट उचललं आणि स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून जेवली.

मग कार्बोरेटर. तो तिच्या डाळीच्या पातेल्यात रॉकेलमध्ये भिजत पडला होता. तिनं पातेलं दोन बोटांत धरून हेमराजच्या पुढ्यात ठेवलं.

“हे तुमचं.”

“धुऊन देतो.”

“नको. आता हे तुमचंच. यातच जेवा.”

त्यानं खरंच ते पातेलं ठेवून घेतलं, कारण पातेलं चांगलं होतं. मग वजन कमी करायचं म्हणून चेनचं कव्हर काढून टाकलं. पायदानं काढली. आरसा एक काढला. अकरा वर्षांची गाडी दिवसेंदिवस चामडी सोलल्यासारखी दिसू लागली आणि तिच्या पोटातून जे काही गळतं ते आता आडोशाशिवाय फरशीवर गळू लागलं.

हे सगळं सुवर्णानं तोंड वाकडं करून चालवून घेतलं. मे महिन्यात मात्र तिला कपाटाच्या मागे औषधाच्या दुकानाची एक मोठी पिशवी सापडली. आत मोठ्या माणसांची डायपरं. तिनं ती ओळखली; दोन वर्षं तिनं दुसरं काही हाताळलं नव्हतं.

“कोण आजारी आहे?” तिनं विचारलं.

हेमराज गाडीवरच बसला होता, त्यानं हेल्मेटची काच खाली केली. “थांबायला वेळ जातो. मोठे रायडर सगळे वापरतात. ग्रुपवर लिहिलंय.”

“म्हणजे आता याची पण प्रॅक्टिस?”

“करून बघितली पाहिजे ना.”

“आता घातलंय?”

हेमराज टीव्हीकडे बघत राहिला.

सुवर्णा खाली बसली. “तुमच्या आईचं केलं मी. ती म्हातारी होती, तिचे पाय गेले होते. तिला लाज वाटायची तर मी टीव्ही मोठा करायचे. आणि तुम्ही? हातपाय धड, दहा पावलांवर संडास, मी रोज घासते तो. त्या संडासाला पाठ करून बसलात माझ्या खोलीत? नापास व्हा एकदाचे. देवाला नारळ फोडीन मी.”

हेमराज उतरला. चालताना थोडा आवाज झाला, ज्याकडे दोघांनीही दुर्लक्ष केलं. बदलून आला आणि तिच्यासमोर खाली बसला.

“साक्षीनं माझ्या मोबाइलमध्ये पावलं मोजायचं घातलंय,” तो म्हणाला. “एका पाळीत किती चालतो माहीत आहे? अठरा किलोमीटर. लूमच्या मधल्या गल्लीत. बावीस वर्षं. आणि संध्याकाळी सात वाजता जिथे सकाळी होतो तिथेच. एकदा तरी एवढं चालून कुठेतरी पोचल्याचं कोणी लिहून द्यावं, असं वाटतं. बाकी काही नाही.”

सुवर्णानं ती मोठी पिशवी त्याच्याकडे सरकवली. ती म्हणाली, “पिशवी दुकानात परत करा.” त्यानं केली.

जूनमध्ये क्लबवाले व्हिडिओ काढायला आले. चौघे जण बूट घालून पांढऱ्या फरशीवर. धवलनं हेमराजच्या खांद्यावर हात ठेवला. खात्यात तो त्याच हातानं लांबूनच बोलावायचा. “ब्रो, नॅचरल रहो. गर्मी में काम करते हुए दिखाओ. भाभी, आप भी आओ, साडी वाला काम चालू रखो. थोडा पसीना है? अच्छा है, पोंछो मत.” तो व्हिडिओ चाळीस हजार लोकांनी पाहिला. वर लिहिलं होतं, ‘मजदूर का सपना’. मागे बारीक सतार, पुढे हेमराजचा फाटका बनियन, मध्येच सुवर्णाच्या स्वयंपाकघराची फळी, तिच्यावर कार्बोरेटरचं पातेलं. चाळीस हजार लोकांना वाटलं असणार की हे लोक त्यात डाळ शिजवतात. तिनं त्याच रात्री फळीला पडदा शिवला.

खरी परीक्षा आषाढातल्या एका रविवारी होती. सुरत ते धुळे आणि परत, साडेचारशे किलोमीटर, दहा तास. सकाळी सहाला कडोदऱ्याच्या रस्त्यावरच्या मैदानातून सुटायचं आणि दुपारी चारच्या आत तिथेच यायचं. चारच्या आत आला तर डिसेंबरच्या यादीत नाव. चार वाजून एक मिनिट झालं तर घरी. दुसरी संधी नाही. हेमराजला रस्ता पाठ होता. बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर, याच रस्त्यानं तो अक्षय तृतीयेला बायको, पोरगी आणि बाजरीचं पोतं घेऊन गावी जायचा. पोतं आणि बायको वजा केली तर दहा तास पुष्कळ होते.

शुक्रवारी संध्याकाळी त्यानं चेन रॉकेलनं धुऊन कोरडी केली. शनिवारी त्याची दिवसपाळी होती. निघताना तो सुवर्णाला म्हणाला, “चेनला तेल तू घाल. खिडकीत बाटली ठेवलीय. प्रत्येक कडीवर एक थेंब, चाक हातानं फिरवत. घाई करू नको. दिवसभर मुरलं पाहिजे.”

“मी?”

“साक्षी घाई करते. भटूला गप्पा मारायच्या असतात. तुझा हात सरळ आहे.”

सासूचं वाक्य त्यानं मुद्दाम काढलं की तोंडून निघालं, हे तिला कळलं नाही.

घरात तेलाच्या दोन बाटल्या होत्या. दोन्ही संडास धुवायच्या अॅसिडच्या, काळ्या, रिकाम्या झालेल्या. सुवर्णा बाटली फेकत नसे. एकीत लूमचं तेल. खात्यात ते पिंपानं येतं आणि प्रत्येक जॉबरच्या घरी त्यातलं थोडं असतं. कसं येतं हे कोणी विचारत नाही. पाण्यासारखं पांढरं, वास नसलेलं. त्याचा गुण असा की कापडावर उडालं तर पहिल्या धुण्यात निघून जातं. डिंडोलीतल्या घरांत शिलाई मशीन, पंखा, बिजागरी, सायकल, कडीकोयंडा, सगळं त्याच तेलावर चालतं. दुसऱ्या बाटलीत हेमराजनं आणलेलं नव्वद नंबरचं गिअरचं तेल. काळं, मधासारखं चिकट. खिडकीत होती ती ही.

सुवर्णानं बूच उघडलं आणि अर्ध्या हातावरून तिला सडक्या अंड्याचा भपकारा आला. तिनं मान फिरवली. मान फिरवली तर समोर कपाटापासून भिंतीपर्यंत दोरीवर अठरा साड्या लटकत होत्या. कोणाच्या तरी लग्नाच्या, फिक्या गुलाबी, टिकल्या चिकटवून गोंद वाळायला ठेवलेल्या. चेनला कव्हर नव्हतं. चाक फिरवलं की काळ्या तेलाचे शिंतोडे कुठपर्यंत जातील ते तिला डोळ्यांपुढे दिसलं.

बाहेर पाऊस लागला होता, गाडी बाहेर काढता येत नव्हती. साड्या काढल्या तर ओल्या गोंदाच्या टिकल्या एकमेकींना चिकटणार होत्या.

तिनं गिअरच्या तेलाचं बूच लावलं. शिलाई मशीनजवळची दुसरी बाटली घेतली. तेल ते तेल. प्रत्येक कडीवर एक थेंब, चाक हातानं फिरवत, घाई न करता. शंभरावर कड्या तिनं अगदी मन लावून भिजवल्या. दोन थेंब गुलाबी साडीच्या काठावर उडाले, ते तिनं ओल्या फडक्यानं टिपले, आणि डाग राहिला नाही. चेन चकाकत होती.

इथपर्यंत तिनं जे केलं ते डिंडोलीतल्या कोणत्याही बाईनं केलं असतं. मग तिनं आणखी एक गोष्ट केली. नव्वद नंबरची बाटली पुन्हा उघडली, श्वास रोखून धरला आणि त्यातलं बोटभर तेल मोरीत ओतलं. वर दोन तांबे पाणी. नंतर दोन्ही बाटल्या शेजारी शेजारी मोरीखाली ठेवल्या.

रविवारी पहाटे हेमराजनं चेनला हात लावला. ओली. चाक फिरवलं, गुपचूप फिरलं. घराला चार महिने तोच वास होता, त्यात आणखी काय शोधणार? “मस्त,” तो म्हणाला आणि रताळ्याची पिशवी गळ्यात अडकवून निघाला.

दुपारी साडेतीनला सुवर्णा, साक्षी आणि भटू मैदानात पोचले. मांडव, लाऊडस्पीकर, प्रोटीनची बिस्किटं, चिखल. एकसारखे काळे जॅकेट घातलेले लोक एकमेकांना मिठ्या मारत होते. सव्वातीनपासून रायडर येत होते. साक्षी मोबाइल बघत म्हणाली, “सोनगडच्या पुढे जोरदार पाऊस आहे.”

“मग?” सुवर्णानं विचारलं.

“मग काही नाही. पप्पांना पावसाची सवय आहे.”

पाऊस. धुण्यात निघून जाणारं तेल. सुवर्णानं हातातलं प्रोटीनचं बिस्कीट न खाताच साक्षीकडे दिलं.

चार वाजले. धवलनं घड्याळ बघून वहीवर रेघ मारली. चार पस्तीसला हेमराज आला. तो येण्याआधी त्याचा आवाज आला, लोखंडावर लोखंड घासल्याचा, कोणीतरी कोरडे दात खावेत तसा. चेन सैल होऊन लोंबत होती आणि तिचा रंग विटकरी झाला होता.

“नवापूरलाच करकर सुरू झाली,” तो म्हणाला. “सोनगडला दोनदा उतरली. तेल मिळालं एका गॅरेजात, तोवर दाते खाऊन झाले होते.” पाणी त्याच्या नाकावरून ठिबकत होतं. तो खाली वाकला, चेनच्या आतल्या बाजूला, जिथे गॅरेजवाल्याचं तेल पोचलं नव्हतं, तिथे बोट घासलं आणि ते बोट नाकाशी नेलं.

“लूमचं आहे,” तो म्हणाला.

भटू हसला. “दादा! लूमचं तेल, चेनला, पावसामा? जॉबर शेस ना तू?”

हेमराजनं सुवर्णाकडे पाहिलं. “काल बाटलीतल्या तेलाला वास कसा होता?”

आता सांगायला एक वाक्य पुरलं असतं. “तेलासारखा,” सुवर्णा म्हणाली.

“मन्हीच चूक,” हेमराज भटूला म्हणाला. “खिडकीत चुकीची बाटली मीच ठेवली. वास न घेता.”

धवलनं त्याच्या गळ्यात भाग घेतल्याचं पदक घातलं. “कोई बात नहीं काका, दिल जीत लिया,” आणि फोटोसाठी त्याला जरा डावीकडे सरकवलं. जूनमध्ये ब्रो होता, आषाढात काका झाला.

त्या संध्याकाळी गाडी बाहेरच राहिली. दिवाण परत आला. सुवर्णानं फरशी तीन वेळा पुसली. चार महिन्यांनी खोली तिची झाली होती, पांढरी, कोरडी, आणि तिला त्या खोलीत बसवेना.

आठवडाभरात खात्यात काय चाललंय ते भटूनं सांगितलं. पोरं रोज दोन बाटल्या हेमराजसमोर धरायची. “काका, वास घ्या, सांगा कोणतं कोणतं?” तो हसायचा. पण लूमला तेल घालण्याआधी तो आता खरंच वास घ्यायचा, एकदा, मग पुन्हा एकदा. बुधवारी तेवीस नंबरजवळून दोनदा गेला आणि लूम खोकतोय हे त्याला सांगावं लागलं. घरी त्यानं दुधाचं पातेलं नाकाशी नेलं. “फाटलंय का गं?” दूध उत्तम होतं. ठेचा परत सुरू झाला होता, पण त्यानं भाकरी अर्धी खाल्ली.

हेल्मेटचा वास सुवर्णानं सोसला होता. दूध हुंगणारा नवरा तिला बघवेना. त्याची किळस नव्हती ती. शोधत गेलं तर ती मोरीत ओतलेल्या बोटभर तेलाशी जाऊन थांबायची. आपल्याच हातांचा वास घेऊन ती साबणानं ते धुवायची.

पुढच्या रविवारी हेमराज मोरीखालच्या दोन्ही काळ्या बाटल्या घेऊन बसला. साक्षीला म्हणाला, “यांवर लिहून दे. मोठ्या अक्षरात. एकीवर लूम, एकीवर गिअर.” बावीस वर्षांचा जॉबर पोरीकडून चिठ्ठ्या लिहून घेत होता.

“लिहू नको,” सुवर्णा म्हणाली.

“का?”

“खिडकीत तुम्ही ठेवलेली बरोबर होती. मी दुसरी घेतली.”

साक्षीनं पेनाचं टोपण लावलं.

“वासामुळे?” हेमराजनं विचारलं.

“वासामुळे. साड्यांमुळे. आणि तुम्ही नापास व्हावं असं वाटत होतं. जरासं.”

“जरासं म्हणजे किती?”

“बोटभर. तुम्हाला कळू नये म्हणून तेवढं मोरीत ओतलं.”

हेमराज उठला. दारापर्यंत गेला, परत आला. “चार महिने मी... आणि तू मोरीमा... मैदानात विचारलं तेव्हा तरी?” तो बाहेर गेला. गाडीच्या सीटवर लाथ मारल्याचा आवाज आला आणि मागोमाग एक मांजर पळालं. अर्ध्या तासानं आत आला, एक बाटली उघडली आणि लोक अत्तर हुंगतात तशी हुंगली.

“खिडकीत हीच होती?”

“हीच.”

“नक्की?”

“सडकी अंडी. तोंडावर भपकारा आला. म्हणून तर लावली नाही.”

त्यानं बूच लावलं. “मंग मन्हं नाक बरोबर शे,” तो स्वतःशीच म्हणाला. मग तिला, “जेवाले वाढ.”

तो तीन भाकरी जेवला, भिंतीकडे तोंड करून. संध्याकाळी भटू आला, तेव्हा सुवर्णानं त्याला ओटीवरच अडवलं आणि सगळं सांगितलं, सोसायटीच्या चारही मजल्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. “उद्या खात्यात सांग. तुझ्या दादानं बाटली बरोबर ठेवली होती. तेल मी बदललं. बायकोनं. शब्द न् शब्द सांग.” वरच्या गॅलऱ्यांत बायका कपडे काढायचं विसरल्या. महिनाभर पुरेल एवढं त्यांना मिळालं होतं. भटूचं तोंड मात्र पहिल्यांदाच कामाशिवाय उघडं राहिलं.

मंगळवारी हेमराज पाळीवरून आला तो नवी चेन घेऊन. गाडी दारात उभी करून, तिच्याकडे न बघता म्हणाला, “पुढल्या वर्षी परत ठेवणार आहेत म्हणे.”

“कोण म्हणतं?”

“ग्रुपवर आहे.”

सुवर्णानं दोरीवरच्या साड्या चाचपल्या. वाळल्या होत्या. तिनं त्या एकेक करून आतल्या खोलीत पलंगावर नेऊन ठेवल्या, वर जुनी चादर टाकली, आणि उंबरठ्यावर फळी टाकली. गाडी आत आली. दोन ओल्या रेघा फरशीवर उमटल्या. तिनं त्यांच्याकडे पाहिलं आणि तोंड वाकडं केलं.

“ते डायपर पुन्हा दिसलं तर मी गावी जाईन.”

“नाही दिसणार.” हेमराजनं चेन चढवली, मग काळी बाटली तिच्यापुढे धरली. “घे. कडीकडीवर एक थेंब.”

“मी? अजून?”

“दुसऱ्या कोणाला देऊ? हा वास आता घरात माझ्याखालोखाल तुलाच ओळखता येतो.”

तिनं बूच उघडलं. भपकारा आला. तिनं पदर नाकाला आवळून बांधला, डोळे बारीक केले, आणि चाक एका हातानं हळूहळू फिरवत पहिल्या कडीवर तो काळा, चिकट, घाणेरडा थेंब नेमका मधोमध सोडला.

दुसऱ्या दिवशी रंभाबाईनं गठ्ठा उचलला, एक साडी उलगडली, काठ बघितला, पदर बघितला. डाग नव्हता. मग तिनं साडी नाकाशी नेली.

“सुवर्णा, हा वास कसला येतो गं?”

“नव्वद नंबरचा,” सुवर्णा म्हणाली. “डाग आहे का ते सांगा.”